दोन रंगकामांच्या मधले दिवस

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे रंग कितीही पक्का असला तरी 3-4 आठवड्यांत भांगात आणि कानशिलांवर पांढरी रेघ दिसू लागते. भांग बाजूला किंवा नागमोडी पाडला तर ती बरीच झाकली जाते. लग्नकार्यापुरता रूट टच-अप स्प्रे किंवा पावडर पुरते. हा रंग केसाच्या वरच बसतो आणि शाम्पूने निघून जातो. घरी पक्का रंग लावायचा असेल तर तो फक्त नव्याने वाढलेल्या भागाला लावावा. आधीच रंगलेल्या केसांवर पुन्हापुन्हा थर दिल्यास टोके गडद आणि कोरडी होतात.

शुद्ध मेंदी पांढऱ्या केसांवर नारिंगी-तांबूस चढते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत मात्र पीपीडी हे रसायन असते. नैसर्गिक समजून ती बिनधास्त लावणे धोक्याचे आहे, कारण पीपीडीची ॲलर्जी झाल्यास टाळूला खाज सुटते, चेहरा आणि पापण्या सुजतात. कोणताही पक्का रंग लावण्याच्या 48 तास आधी तो कानामागे किंचित लावून पाहावा, पूर्वी तोच रंग सोसला असला तरीही.