हातमोजे घातलेला कॅमेरा

1991 साली ‘हंड्रेड डेज’ आला. माधुरी दीक्षितच्या डोळ्यांपुढे अचानक एक खून तरळतो. कुणी बाई मरते, तिला भिंतीत चिणलं जातं. पुढे लग्न होऊन ती नवऱ्याच्या बंगल्यात येते, तिथली एक भिंत ओळखीची वाटते, आणि ती फोडल्यावर आतून सांगाडा निघतो. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या पिढीनं हा सिनेमा टॉकीजमध्ये किंवा भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला, तिला भिंत आठवते, लक्ष्मीकांत बेर्डे आठवतो आणि ‘सुन बेलिया’ आठवतं. संगीत रामलक्ष्मणचं, म्हणजे आपल्या विजय पाटलांचं.

ही गोष्ट मात्र मुंबईत जन्मलेली नव्हती. दिग्दर्शक पार्थो घोष यांनी ती मणिवण्णन यांच्या ‘नूरावदु नाळ’ या 1984 च्या तमिळ सिनेमावरून घेतली होती. तमिळमध्ये ती आली लुचिओ फुल्ची या इटालियन दिग्दर्शकाच्या 1977 च्या सिनेमावरून. ‘द सायकिक’ या नावानं तो जगभर फिरला. रोमहून निघालेली भिंत मद्रासमार्गे, सहा गाणी लागून, खानदेशात पोचली. तेव्हा फुल्चीचा हा सिनेमा ज्यातला, तो ‘जाल्लो’ नावाचा सिनेमाप्रकार आपल्याला अगदीच परका आहे, असं समजायचं कारण नाही. त्याचं यंत्र आतून कसं चालतं आणि कुठे अडतं, एवढंच उघडून बघायचं आहे.

नावाचा उलगडा एका ओळीत होतो. जाल्लो म्हणजे पिवळा. मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनानं 1929 पासून पिवळ्या वेष्टनाच्या स्वस्त रहस्यकथा काढल्या, आणि इटलीत गुन्ह्याच्या कुठल्याही गोष्टीला तेच नाव पडलं. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांची पुस्तकं वाचनालयातून घरी नेणारा वाचक आणि मोंदादोरीची पिवळी पुस्तकं खिशात घालणारा वाचक एकाच जातीचे. इटलीबाहेर मात्र जाल्लो म्हटलं की 1963 ते सत्तरच्या दशकाची अखेर या काळातले ठरावीक घडणीचे सिनेमेच डोळ्यांपुढे येतात.

सुरुवात मारिओ बावाची. ‘द गर्ल हू न्यू टू मच’ (1963) हा त्याचा कृष्णधवल सिनेमा. त्यातली अमेरिकन तरुणी रोमला येताना विमानात रहस्यकथाच वाचत असते, आणि रोममध्ये रात्री तिला एक खून दिसतो. खरंच दिसतो की पुस्तकाचा अंमल आहे, हे बराच वेळ कळत नाही. पुढच्याच वर्षी ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’मध्ये बावानं रंग आणले आणि खुन्याला गणवेश दिला: लांब रेनकोट, हॅट, चेहरा झाकणारं कापड, काळे हातमोजे. हा वेश इतका चालला की पुढची पंधरा वर्षं इटलीतल्या खुन्यांना दुसरा शिंपीच मिळाला नाही.

हा वेश डौलासाठी नाही, त्याला काम आहे. रहस्यकथा छापील असते तेव्हा ‘कुणीतरी आत आलं’ एवढं लिहून भागतं. पडद्यावर कुणी आत आलं की ते दिसतं. मग खुनी दाखवायचा आणि दाखवायचाही नाही, हे साधायचं कसं? रेनकोटनं अंगकाठी लपते, हातमोज्यांनी हाताचं वय आणि बाईचा की पुरुषाचा हेही लपतं. त्यापुढची पायरी म्हणजे कॅमेराच खुन्याच्या डोळ्यांच्या जागी ठेवायचा. आपण दार ढकलतो, आपण जिना चढतो, चौकटीच्या खालून दोन काळे हात पुढे येतात ते जणू आपलेच. दारिओ आर्जेंतो या दिग्दर्शकाच्या सिनेमांत हे हात बहुतेकदा स्वतः आर्जेंतोचे असत. नटाच्या हातावरून खुनी ओळखू येऊ नये ही सोय त्यात होतीच. पण दिग्दर्शकानं स्वतः सुरा धरणं हे ज्याला अस्वस्थ करत नाही, त्यानं थोडं थांबून विचार करावा.

आवाजाचंही असंच. इटलीत तेव्हा चित्रीकरणाच्या वेळी आवाज टिपायची पद्धत फारशी नव्हती. सगळं नंतर डबिंगमध्ये. नायक अमेरिकन, नायिका इंग्लिश, पोलीस इटालियन, आणि सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलतोय. त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत, संवाद लाकडी वाटतात. पहिल्यांदा पाहणारा इथेच हसतो. पण याच पद्धतीमुळे खुन्याची टेलिफोनवरची कुजबुज कुणाच्याही घशातून काढता येते. ती बाईची की पुरुषाची, कान कितीही टवकारले तरी कळत नाही.

आता यंत्राचा गाभा. आर्जेंतोचा पहिला सिनेमा ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लूमेज’ 1970 चा. छायाचित्रण वित्तोरिओ स्तोरारोचं, संगीत एन्निओ मोरिकोनेचं. रोममध्ये राहणारा एक अमेरिकन लेखक रात्री रस्त्यानं चाललाय. समोर आर्ट गॅलरी, पूर्ण काचेची, आत झगझगीत पांढरा उजेड. आत एक बाई आणि काळ्या कोटातली एक आकृती यांची झटापट चाललीय. तो धावतो, बाहेरचं काचेचं दार उघडून आत शिरतो, आणि दोन काचांच्या मध्ये अडकतो. पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही, हाक ऐकू जात नाही. बाई रक्ताळून जमिनीवर पडलीय आणि हा बघतोय. नंतर पोलिसांना तो पुन्हा पुन्हा सांगतो की, मी काहीतरी पाहिलंय, ते जुळत नाहीये, पण काय ते आठवत नाही.

प्रेक्षकानंही तेवढंच पाहिलेलं असतं, तेवढ्याच उजेडात. अगाथा ख्रिस्तीच्या कथेत दुवा लपवलेला असतो. इथे तो डोळ्यांसमोर ठेवलेला असतो. चूक बघण्यात होते, कारण अशा प्रसंगात कोण मारणारा आणि कोण मरणारी हे आपण पाहण्याआधीच ठरवून टाकतो. ‘डीप रेड’मध्ये (1975) आर्जेंतोनं याच्याही पुढची मजल मारली. पियानो वाजवणारा नायक खून झालेल्या घरातल्या बोळातून धावतो, दोन्ही बाजूंना चित्रं. नंतर त्याला वाटत राहतं की तिथलं एक चित्र नाहीसं झालंय. त्या धावत्या दृश्यात खुन्याचा चेहरा पडद्यावर खरोखर येऊन गेलेला असतो. एकदा उत्तर कळलं की लोक मागे जाऊन ती चौकट थांबवून बघतात आणि कपाळाला हात लावतात. एवढ्या उघडपणे प्रेक्षकाला फसवणारा दुसरा सिनेमा मला आठवत नाही, आणि या एका युक्तीसाठी मी जाल्लोचे निम्मे अपराध पोटात घालायला तयार आहे.

राहिलेले निम्मे कुठून येतात, ते समजायला टॉकीजमध्ये शिरावं लागतं. त्या काळी इटलीत चित्रपटगृहांच्या उतरत्या पायऱ्या होत्या. मोठ्या शहरांत पहिला खेळ, मग दुय्यम गृहं, आणि शेवटी गावोगावची ‘तिसऱ्या फेरीची’ स्वस्त टॉकीज. मिकेल कोव्हेन या अभ्यासकानं 2006 च्या आपल्या पुस्तकात जाल्लोची नाळ याच तिसऱ्या फेरीच्या प्रेक्षकाशी जोडली. तो सिनेमा पाहायला येई तसा मित्रांना भेटायलाही येई. मध्येच आत शिरे, गप्पा मारी, विडी ओढी, आणि पडद्यावर काही घडू लागलं की गप्प होई. मालेगाव-धुळ्याच्या पिटातला किंवा जत्रेच्या तंबूतला सिनेमा ज्यानं पाहिलाय, त्याला हा प्रेक्षक नव्यानं ओळखून द्यायला नको. तिथे पडद्यावरच्या बाईला ‘मांगे देख वं माय!’ असं ओरडून सांगणारा कुणीतरी असायचाच. असा प्रेक्षक कथेचा धागा धरून बसत नाही. त्याला ठरावीक अंतरानं हलवावं लागतं. म्हणून जाल्लोत दर थोड्या वेळानं एक खून, आणि प्रत्येक खून म्हणजे स्वतंत्र कार्यक्रम: वेगळी जागा, वेगळं संगीत, वेगळा रंग. हिंदी सिनेमात गाणं जिथे बसतं, तिथे जाल्लोत खून बसतो. मधला तपास म्हणजे दोन गाण्यांमधले संवाद. लिहिणाऱ्याचं त्यात मन नाही आणि बघणाऱ्याचंही नाही.

या खुनांच्या दृश्यांवर मात्र जीव ओतलेला असे. बावा चित्रकलेकडून छायाचित्रणाकडे आलेला. पैसे नसत, मग एकाच खोलीत जांभळा, हिरवा, लाल उजेड टाकून तो तिचा महाल करी, छोट्या प्रतिकृती आणि रंगवलेल्या काचा वापरून नसलेली इमारत उभी करी. चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात स्वतःला कोंडून घेऊन टेबलावरच निसर्गदृश्यं रचत आणि त्यांची छायाचित्रं काढत. त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण उजेडानं खोटं बोलण्याची विद्या एकच. मूसांची छायाचित्रं पाहिलेल्या माणसाला बावाच्या दृश्यात उजेड कुठून येतो हे शोधण्याचा चाळा लागेल. बहुधा तो कुठूनच येत नसतो. त्या खोलीत हिरवा दिवा असण्याचं कारणच नसतं.

आता दोष. तर्काचा दोष सगळ्यांना दिसतो, आणि तो खरा आहे. आर्जेंतोच्या ‘द कॅट ओ’ नाइन टेल्स’मध्ये (1971) सगळं रहस्य एका जादा वाय गुणसूत्रावर उभं आहे. ते असलं की माणूस जन्मतः हिंसक होतो, ही तेव्हाची अफवा विज्ञानानं केव्हाच फेटाळली. त्याच वर्षीच्या ‘फोर फ्लाइज ऑन ग्रे व्हेल्वेट’मध्ये मेलेल्या बाईच्या डोळ्याच्या पडद्यावरून तिनं शेवटी पाहिलेलं दृश्य काढतात. हे तर निव्वळ थोतांड. पुष्कळ जाल्लोंत शेवटच्या दहा मिनिटांत कुणी डॉक्टर येऊन खुन्याच्या बालपणाची एक जखम सांगतो आणि सगळं मिटतं. मानसिक आजार असलेला माणूस म्हणजे खुनी, हे समीकरण या सिनेमांनी घाऊक भावात विकलं.

बायकांचं काय करायचं, हा दोष त्याहून जड. ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’चं इटालियन नाव ‘खुन्यासाठी सहा बायका’ असं होतं, आणि सिनेमा त्या नावाला जागतो. पुरुष मरतो तेव्हा झटपट मरतो; बाई मरते तेव्हा कॅमेरा रेंगाळतो, संगीत गोड होतं. खुनी पुष्कळदा बाईच निघते, तेव्हा यात स्त्रीद्वेष कसला, असं समर्थन केलं जातं. मला ते पटत नाही. शेवटच्या पाच मिनिटांतलं उत्तर आधीच्या दीड तासाच्या नजरेची भरपाई करत नाही.

आणि या यंत्राची तिसरी खोट अशी की सगळा दोष तो एका हातमोज्यात कोंबतो. एक विकृत माणूस सापडला की शहर निर्दोष. हे ज्यानं मोडून दाखवलं तो पुन्हा फुल्चीच. त्याच्या ‘डोन्ट टॉर्चर अ डकलिंग’ला (1972) रोम नाही, फॅशन नाही. दक्षिण इटलीतलं उन्हानं भाजलेलं गाव, डोंगरावरून गेलेला नवाकोरा महामार्ग, आणि एकामागून एक मरणारी मुलं. गाव संशय घेतं ते परक्यांवर आणि चेटकीण समजल्या जाणाऱ्या एका बाईवर. पोलीस तिला निर्दोष म्हणून सोडतात. गावातली माणसं तिला स्मशानात गाठून साखळ्यांनी मारतात, आणि मोटारीच्या रेडिओवर प्रेमगीत चालू असतं. ती सरपटत महामार्गापर्यंत येते. सहलीला निघालेल्या गाड्या न थांबता जातात. खुनी पुढे वेगळाच निघतो, पण या मारणाऱ्यांचे चेहरे झाकलेले नसतात.

धुळे जिल्ह्यात राहून हे दृश्य निव्वळ कलाकृती म्हणून बघणं जमत नाही. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही व्हॉट्सॲपवरची अफवा एवढंच कारण. सातपुड्याच्या पाड्यांवर बायकांना डाकीण ठरवण्याविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं झगडताहेत. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आल्यावरही ते काम संपलेलं नाही. फुल्चीला खानदेश माहीत नव्हता. गाव कसं मारतं, हे मात्र त्याला माहीत होतं.

जाल्लो संपला तो दोन बाजूंनी. बावानं 1971 मध्येच ‘अ बे ऑफ ब्लड’ काढला. तेरा खून, आणि कोण कुणाला का मारतंय याची फिकीर नाही. अमेरिकेच्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेनं 1980 नंतर त्याचा कित्ता गिरवला, दुसऱ्या भागात तर काही मृत्यू जवळजवळ तसेच उचलले. रहस्य गळालं, सुरा उरला, तोच स्लॅशर. दुसरीकडे 1976 च्या न्यायालयीन निर्णयानं इटलीत खासगी टीव्ही वाहिन्यांना वाट मिळाली, तिसऱ्या फेरीचा प्रेक्षक घरी बसला आणि ती टॉकीज बंद पडत गेली.

बघायला बसायचं तर ‘क्रिस्टल प्लूमेज’पासून सुरुवात करावी, मग ‘डीप रेड’. रक्त सोसत नसेल त्यानं 1963 चा कृष्णधवल बावा बघावा; त्यात भीती आहे, चिरफाड नाही. ‘डकलिंग’ घरच्या मुलांसोबत मुळीच बघू नये. इंग्रजी आणि इटालियन दोन्ही आवाज मिळत असतील तर इटालियन लावून खाली अक्षरं वाचावीत, ओठ कुठल्याच भाषेत जुळणार नाहीत. आणि ‘द सायकिक’ लावाल तेव्हा ‘हंड्रेड डेज’ आधी पाहिलेला असेल तर फुल्चीच्या पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही त्याच्या पुढे असाल. भिंतीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. कधीचं आहे, हा घोळ मात्र त्यानं वेगळ्या पद्धतीनं घातलाय.