तेलाचा डबा, पाण्याची गाडी

रेल्वेच्या फाटकात आपली एसटी अडकते आणि समोरून टाक्यांची लांबलचक मालगाडी जाऊ लागते. मुलं एक, दोन, तीन करत टाक्या मोजतात आणि चाळिसाच्या आसपास कुठेतरी त्यांची मोजणी चुकते. मोठी माणसं घड्याळाकडे बघत बसतात. शेवटचा गार्डाचा डबा गेला, फाटक उघडलं, की ती गाडी कुणाच्याच लक्षात राहत नाही.

माझ्या मात्र राहते, कारण माझी सगळी नोकरी असे डबे तपासण्यात गेली. आमच्या हुद्द्याला रेल्वेत ‘टीएक्सआर’ म्हणतात, म्हणजे ट्रेन एक्झामिनर. गाडी यार्डात उभी राहिली, की हातोडी आणि टॉर्च घेऊन तिच्या दोन्ही बाजूंनी चालायचं, चाक, स्प्रिंग, ब्रेक, कपलिंग बघायचं आणि गाडी पुढे न्यायला योग्य आहे की नाही ते सांगायचं, एवढंच आमचं काम. इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. आज मी ज्याचं कौतुक कुणी करत नाही, त्या तेलाच्या टाकीविषयी बोलणार आहे.

खनिज तेल रेल्वेने नेण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १८६५ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या टायटसव्हिलच्या तेलखाणींपाशी डेन्समोर नावाच्या भावांनी सपाट डब्यावर दोन मोठी लाकडी पिपं उभी बसवली आणि त्यांत तेल भरून पाठवलं. पण लाकूड गळायचं, आणि उभी पिपं वळणावर डोलायची. म्हणून थोड्याच वर्षांत आडवी, लोखंडी, गोल टाकी आली. तेव्हापासून आजपर्यंत टाकीचा हा आकार फारसा बदललेला नाही. गोल टाकीला कोपरे नसतात, त्यामुळे आतला दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. शिवाय ती आडवी ठेवली, की भार खाली राहतो.

आपल्याकडे आमच्या आजोबांच्या पिढीला तेल माहीत होतं ते चौकोनी पत्र्याच्या डब्यातलं. ‘रॉकेल’ हा आपला शब्दसुद्धा ‘रॉक ऑइल’वरूनच आला. पुढे मोटारी वाढल्या. मुंबईत तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ साली दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, आणि डब्याडब्याने तेल नेणं परवडेनासं झालं. मी नोकरीला लागलो तेव्हा चार चाकांच्या छोट्या टाक्या सर्रास दिसत. पेट्रोलच्या टाकीवर ‘टीपी’ लिहिलेलं असे आणि रॉकेलच्या टाकीवर ‘टीके’. त्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत इंजिन आणि तेलाची टाकी यांच्यामध्ये दुसरा एखादा डबा जोडत, कारण इंजिनाच्या धुराड्यातून ठिणग्या उडत.

आज फाटकातून दिसते ती आठ चाकांची ‘बीटीपीएन’. या अक्षरांत कोडं काही नाही. बी म्हणजे बोगीवर बसवलेली, टी म्हणजे टँक, पी म्हणजे पेट्रोल आणि एन म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक. टाकीवर अकरा आकडी नंबर असतो. त्यातला पाचवा आणि सहावा आकडा बघा, ते टाकीच्या जन्माचं साल. तिथे ०५ असेल तर ती २००५ साली बांधलेली. पुढच्या वेळी फाटकात अडकलात, तर मुलांना नुसत्या टाक्या मोजायला सांगू नका, त्यांची वयं वाचायला सांगा.

एका टाकीत सुमारे ७० हजार लिटर मावतं. अशा ५० टाक्यांची गाडी म्हणजे ३५ लाख लिटर. रस्त्यावरचे २० हजार लिटरचे टँकर धरले, तर एका गाडीसाठी पावणेदोनशे टँकर लागतील. आता यातला हिशेब बघा. रिकाम्या डब्याचं वजन साधारण २७ टन, आणि त्यात ५४ टन माल घालायची मुभा. पेट्रोल हलकं, ७० हजार लिटर पेट्रोलचं वजन ५२ टनांच्या आसपास भरतं. म्हणजे टाकी भरतेही आणि वजनही जेमतेम बसतं. ही टाकी पेट्रोलच्या मापाने शिवलेली आहे. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टाकी अगदी काठोकाठ मात्र कधी भरत नाहीत. दहा अंशांनी तापमान वाढलं, तर पेट्रोल जवळजवळ एक टक्का फुगतं. पहाटे भरलेली टाकी दुपारच्या उन्हात उभी राहिली, तर सातशेएक लिटर तेलाला जास्तीची जागा हवी. म्हणून वर थोडी पोकळी ठेवतात. तेल भरतात वरच्या मॅनहोलमधून आणि काढतात खालून. खालच्या तोंडाला तीन कुलपं असतात म्हणा ना. पहिलं, टाकीच्या तळाशी आतून बसलेला मास्टर व्हॉल्व्ह. तो वरून, घुमटाजवळच्या चाकाने फिरवायचा. दुसरा बाहेरचा व्हॉल्व्ह. आणि त्यावर नट-बोल्टने आवळलेली लोखंडी चकती. भरताना पाइप थेट तळाशी नेतात आणि सुरुवातीला धार सावकाश सोडतात, कारण वरून उसळत पडणाऱ्या तेलात स्थिर वीज साठते आणि एवढीशी ठिणगीही पुरते. म्हणून टाकीला तार जोडून ती वीज जमिनीत उतरवतात आणि हत्यारं पितळेसारख्या ठिणगी न देणाऱ्या धातूची वापरतात.

आता एक गोष्ट सांगतो, जी बाहेरच्या माणसाला उलटी वाटते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. भरलेल्या टाकीत हवाच थोडी, मग जळणार कसं? रिकाम्या टाकीत मात्र पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र असतात. हवेत ही वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली, की ठिणगी पडायचाच अवकाश. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. झाकण उघडं ठेवलं म्हणून ती उडून जात नाही, तळाशी बसून राहते.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा शिकाऊ होतो. यार्डाचं नाव सांगत नाही. दुरुस्तीला आलेल्या एका टाकीवर खडूने ‘साफ’ लिहिलेलं होतं. आमचा एक खलाशी त्या खडूवर भरवसा ठेवून आत उतरला. कंबरेला दोर बांधला होता, तेवढंच नशीब. दोन मिनिटांनी हाक मारली, तर उत्तर नाही. त्याचा जोडीदार घाईने आत उडी घ्यायला निघाला. आमच्या मुकादमाने त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि ओरडला, ‘‘एक गेलाय तेवढा पुरे, दोर ओढ!’’ चौघांनी दोर ओढला. खलाशी बेशुद्ध होता, दोन दिवसांनी बरा होऊन घरी गेला. त्या दिवशी जोडीदार आत उतरला असता, तर दोघेही गेले असते. अशा टाक्यांत आणि विहिरींत एकामागोमाग माणसं जातात, ती बहुतेक वाचवायला उतरलेलीच असतात.

म्हणून टाकी आधी वाफेने धुवायची, मोकळी हवा खेळवायची, यंत्राने आतली हवा तपासायची आणि मगच माणूस उतरवायचा. वाफेने धुतानाही अक्कल हवी. गरम वाफ आत असताना झाकणं घट्ट लावली, तर वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं आणि आत पोकळी तयार होते. मग बाहेरच्या हवेचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो, त्या लोखंडी टाकीला पत्र्याच्या डब्यासारखी चेमटवतो.

दुसरा धोका आजकालचा आहे. विजेच्या मार्गावर वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. उभ्या टाकीवर फोटो काढायला चढलेल्या मुलाला तारेला हात लावावाही लागत नाही, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. अशा बातम्या अधूनमधून वाचतो आणि जीव कळवळतो. टाकीला शिडी असते ती कामगारासाठी, आणि तोही वरची वीज बंद असल्याशिवाय चढत नाही.

आता मघाचा हिशेब. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात याच बीटीपीएन टाक्या वाफेने धुऊन काढल्या आणि मिरजेला आणल्या. ११ एप्रिलला दहा टाक्यांची पहिली गाडी मिरजेहून निघाली आणि सुमारे ३४० किलोमीटर चालून १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. तिने पाच लाख लिटर पाणी नेलं. तीच ‘जलदूत’. पुढे ५० टाक्यांची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर नेऊ लागली, आणि पाऊस स्थिरावेपर्यंत तिच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. लातूरला उतरवलेलं पाणी शुद्ध करूनच शहरात सोडलं गेलं.

तेव्हा मला बऱ्याच जणांनी विचारलं, सत्तर हजारांची टाकी, मग पाणी पन्नास हजारच का? कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी पूर्ण भरली तर ७० टन होतील, आणि मुभा ५४ टनांची. जास्त भरलं असतं, तर भार चाकांवर आणि रुळांवर आला असता. तेव्हा टाकी रिकामी ठेवण्यात कुणाचा कंजूषपणा नव्हता.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आली. मिरज ते लातूर हा मार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फुटी रुळांचा. त्याचं रुंदीकरण टप्प्याटप्प्याने होऊन २०१० च्या सुमारास पुरं झालं. ते राहिलं असतं, तर २०१६ साली ही गाडी मिरजेहून सरळ लातूरला जाऊच शकली नसती. त्या उन्हाळ्यात मी मुद्दाम कुर्डुवाडी स्टेशनावर जाऊन ती गाडी पाहिली. सवयीने माझी नजर चाकांवर गेली, मग खालच्या व्हॉल्व्हवर. एका चकतीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. तेल असतं, तर मी तिथेच गाडी थांबवायला लावली असती. पाण्याखाली मात्र एक म्हातारी कळशी धरून उभी होती. तिला हटकायचं कुणालाच सुचलं नाही.

अशा टाकीचा शेवट काय? टाकीला बहुतेक आतूनच गंज लागतो. तेलाबरोबर थोडं पाणी येतंच. ते जड म्हणून तळाशी बसतं आणि पत्रा खातं. एक दिवस तपासणीत पत्रा पातळ निघतो, डब्यावर ‘कंडम’चं चिन्ह पडतं, आणि मग लिलाव, गॅस कटर, भंगार. व्हॅक्यूम ब्रेकच्या त्या जुन्या चारचाकी टाक्या अशाच गेल्या. तेल आता नळांतूनही वाहतं. मुंबईहून मनमाडला जमिनीखालून नळ आला, आणि मनमाडजवळच्या पानेवाडीहून टाक्या भरून पुढे जाऊ लागल्या. जिथे नळ पोहोचतो, तिथे टाकीचं काम कमी होतं.

दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडलं. १८५५ सालचं ‘फेअरी क्वीन’ इंजिन आपल्याकडे जपलं आहे. नागपूरच्या मोतीबागेत छोट्या रुळांचं संग्रहालय आहे. हे सगळं उत्तमच. इंग्लंडमध्ये हौशी मंडळी जुन्या मार्गांवर तेलाच्या टाक्याही खरवडून, रंगवून ठेवतात. पेट्रोलची टाकी चंदेरी, म्हणजे ऊन परतवणारी, आणि जड तेलाची काळी, हा जुना रंगभेदसुद्धा सांभाळतात.

आपल्याकडे जलदूतमधली एक टाकी, तिचं आयुष्य संपेल तेव्हा, लातूर किंवा मिरज स्टेशनाबाहेर उभी करावी, असं मला मनापासून वाटतं. पण ती जपायची म्हणजे नुसता रंग फासून चालणार नाही. आधी ती पुन्हा वाफेने धुऊन तपासावी, कारण पत्र्याच्या गंजाच्या पापुद्र्यांत जुनं तेल वर्षानुवर्षं अडकून राहतं आणि वेल्डिंगची आच लागली की बाहेर येतं. तळाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवावा म्हणजे पाणी साचणार नाही. मॅनहोलला जाळी लावावी, म्हणजे हवा खेळेल आणि मूल आत पडणार नाही. शिडीचे खालचे पाय काढून टाकावेत. ती विजेच्या तारेखाली कधीही ठेवू नये. आणि तिचा अकरा आकडी नंबर, वजनाचे आकडे, शेवटच्या दुरुस्तीची तारीख यांवर रंग फिरवू नये. रंगारी आधी तेच पुसतो, आणि टाकीची ओळख तर तेवढीच असते.

शेजारी एक पाटी हवी. तिच्यावर पुढाऱ्यांची नावं नकोत. लिहावं एवढंच, की हिच्यात ७० हजार लिटर पेट्रोल मावायचं, आणि एका उन्हाळ्यात हिने प्रत्येक खेपेला ५० हजार लिटर पाणी आणलं. फरक का, ते शाळेतल्या मुलांनी शोधून काढावं.