कंपवाताची औषधे, त्यांचे उपद्रव आणि आपली कपिकच्छू

कंपवाताचा रुग्ण वैद्याकडे येतो तेव्हा बहुधा त्याच्या पिशवीत मुंबईच्या अथवा पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञाने लिहून दिलेल्या गोळ्यांची पट्टी असते. खेड तालुक्यात तर हे विशेषच. मुले मुंबईस, निदान तिथले, गोळ्याही तिथल्या. रुग्ण मात्र गावी. त्या गोळ्यांनी होणारा त्रास प्रथम ऐकावा लागतो तो गावच्या वैद्याला किंवा औषध दुकानदाराला. म्हणूनच या औषधांचे उपद्रव आपणांस नेमके ठाऊक असणे अगत्याचे आहे.

चरकाचार्यांनी ८० वातविकारांत वेपथूची गणना केली आहे. पाश्चात्त्य वैद्यकात जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या व्याधीचे वर्णन केले आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी लेव्होडोपा मोठ्या मात्रेत वापरून त्याची उपयुक्तता दाखविली. आज सिंडोपासारख्या गोळ्यांत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असते. मेंदूच्या बाहेरच लेव्होडोपाचे डोपामिनमध्ये रूपांतर होऊन ते वाया जाऊ नये, यासाठी ही योजना आहे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढील सर्व हिशेब त्यावरच आधारलेला आहे.

मळमळ, अरुची, उभे राहताना रक्तदाब उतरून येणारी भोवळ हे आरंभीचे उपद्रव होत. काही वर्षांनी गोळीचा अंमल लवकर ओसरू लागतो आणि अंमल चढलेला असताना मान, हात, धड यांची अनैच्छिक वळवळ सुरू होते. नातेवाईक याला कंप वाढला असेच समजतात. वस्तुतः कंप हे औषध कमी पडल्याचे, तर वळवळ हे बहुधा औषध अधिक झाल्याचे चिन्ह आहे. गोळी घेतल्यापासून किती वेळाने त्रास होतो, एवढे विचारले तरी बराच उलगडा होतो. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांनी अवचित झोप लागते. क्वचित जुगार, अनावर खरेदी, कामेच्छावृद्धी असे विपरीत वर्तन दिसते आणि घरचे ते लाजेने सांगत नाहीत. ट्रायहेक्सीफेनिडिलने मुखशोष, मलावष्टंभ, मूत्रावरोध होतो. वृद्धांत बुद्धिभ्रमही होतो. अमँटाडिनने घोट्यांवर सूज येते.

आता कपिकच्छू. आपल्या कोकणातील कुंपणांवर चढणारी ही खाजकुयली. तिच्या बीजांत लेव्होडोपा असल्याचे मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखविले होते. १९७८ मध्ये मुंबईत डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी ती कंपवातावर वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९९५ मध्ये एचपी-२०० या बीजकल्पाचा ६० रुग्णांवरील १२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये लंडन येथील ८ रुग्णांच्या चाचणीत ३० ग्रॅम बीजकल्पाच्या एका मात्रेचा अंमल नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला व सुमारे ३७ मिनिटे अधिक टिकला. वळवळ मात्र वाढली नाही. हे सर्व अभिमानास्पद आहेच. परंतु रुग्णसंख्या अल्प आहे, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

‘वनस्पती आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य आपल्या व्यवसायाचे फार नुकसान करते. बीजांतील लेव्होडोपाचे प्रमाण साधारणतः ३ ते ६ टक्के असते. जात, भूमी व शोधन यांनुसार ते बदलते. ४ टक्के धरले तर ५ ग्रॅम चूर्णात २०० मि.ग्रॅ. लेव्होडोपा येते. एकट्या चूर्णाचा यांतील अत्यल्प अंश मेंदूपर्यंत पोहोचतो. पण रुग्ण कार्बिडोपायुक्त गोळी घेत असेल, तर तीच कार्बिडोपा आपल्या चूर्णातील लेव्होडोपाचेही रक्षण करते! म्हणजे दिवसातून दोनदा चूर्ण दिले की, १०० मि.ग्रॅ. लेव्होडोपाच्या जवळजवळ चार गोळ्या नकळत वाढविल्यासारखे होते. आमच्या भागातील एका निवृत्त शिक्षकांना आप्ताच्या सल्ल्याने असे चूर्ण सुरू झाले. वळवळ दिसताच मुलाने कंप वाढला समजून मात्रा आणखी वाढविली. चूर्ण क्रमाने कमी करताच आठवड्याभरात ते शांत बसू लागले. गोळ्यांना हात लावावा लागला नाही.

याउलट, आयुर्वेद सुरू केला म्हणून गोळ्या एकदम बंद करणे हा तर प्राणघातक प्रकार ठरू शकतो. तीव्र ज्वर, सर्वांगस्तंभ व संज्ञानाश होऊ शकतो. मात्रा कमी करावयाची ती मूळ तज्ज्ञांशी बोलून, हळूहळू.

औषधी दुकानदार बंधूंसाठी काही विशेष. कपिकच्छू वृष्य म्हणून नेणाऱ्या वृद्ध ग्राहकास कंपवाताच्या गोळ्या चालू आहेत का, हे अवश्य विचारावे. लोहाचे क्षार लेव्होडोपाचे शोषण कमी करतात; तेव्हा लोहाच्या गोळ्याच नव्हे, तर मंडूर व लोहकल्पही दोन तासांच्या अंतराने घेण्यास सांगणे इष्ट. कार्बिडोपा नसताना जीवनसत्त्व ब-६ लेव्होडोपाचा प्रभाव घटविते. केवळ चूर्णावर असलेल्या रुग्णास बी-कॉम्प्लेक्स देताना हे आठवावे. दूध व अन्य प्रथिनयुक्त आहार शोषणात स्पर्धा करतो, म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी. कपिकच्छूचे दुधाचे अनुपान शास्त्रोक्त असले तरी या रुग्णांत त्याचा फेरविचार व्हावा, असे माझे मत आहे. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन या रुग्णांस देऊ नये. त्यांनी कंप व स्तंभ वाढतो.

आणि निद्रानाशासाठी आपण सहज देतो ती सर्पगंधा? तिच्यातील रेसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठाच रिता करते. अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चेष्ट झालेल्या प्राण्यांना लेव्होडोपाने पुन्हा हालते केले आणि त्यांच्या डोपामिनवरील कार्यास २००० चे नोबेल मिळाले. कंपवातात सर्पगंधा वर्ज्यच समजावी.

स्नेहन, बस्ती, मलावष्टंभावरील अनुलोमन या बाबतींत आपला हात धरणारे कोणी नाही. मात्र बाष्पस्वेदानंतर हा रुग्ण एकदम उभा राहिला तर भोवळ येऊन पडतो आणि वृद्धाचे खुब्याचे हाड मोडते. स्वेदनापूर्वी व नंतर, आडवे व उभे असे दोन्ही वेळा रक्तदाब मोजून रुग्णपत्रकात नोंदवावा. पेटीतून उठविताना एक परिचारक जवळ असू द्यावा.