रिकाम्या पोटी डॉप्लर

सकाळी ६.२०
जासई नाक्यावर आत्ताच धूळ उडायला लागली आहे. एकामागून एक कंटेनरचे ट्रेलर, मधूनच उरण-पनवेल एसटी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून ताईने शेअर रिक्षा सोडली. पनवेलच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये ती मदतनीस आहे. पगार १४,०००. आज तिच्याबरोबर मी आहे, आणि गावातले काका-काकी. काकांच्या काखेत फायलींची पिशवी.

७.४०
शटर वर. यूपीएस, एसी, मग मशिन. पाच लिटरच्या कॅनमधलं जेल ती छोट्या बाटल्यांत भरते. चादर बदलते. प्रोब मऊ फडक्याने पुसते. स्पिरिट या प्रोबला चालत नाही, तोंडाचं रबर तडकतं, आणि नवा प्रोब तिच्या वर्षाच्या पगारात तरी येईल का, शंका आहे.

८.१०
फॉर्मवर वय लिहायचं. काकी म्हणतात, "गोलीबार झाला तवा सव्वीसचे व्हते." म्हणजे जानेवारी १९८४, जासईच्या जमिनीच्या आंदोलनातला गोळीबार. ताई तरीही आधार कार्ड मागते. ६८.

"काही खाल्लं नाही ना?"
"सकालपासून च्या पन नाय घेतला."
"आणि बीपीची गोळी?"
"ती पन नाय."

ताई कपाळाला हात लावते. उपाशी म्हणजे गोळीही बंद, असंच बहुतेकांना वाटतं. ती बीपी मोजते: १७६/९८. सेंटरच्या डॉक्टर मॅडमना फोनवर विचारून पिशवीतली गोळी काढते, घोटभर पाण्याबरोबर देते.

८.४५
मॅडम फाइल चाळतात. तीन गोळ्यांनी बीपी हटेना म्हणून चौथी सुरू झाली, आणि पंधरा दिवसांत क्रिएटिनीन १.३ वरून १.९ वर गेलं. त्यामुळे फिजिशियनना किडनीच्या धमन्यांचा संशय आला. धमनी अरुंद झाली की किडनीला रक्त कमी पोचतं. तिला वाटतं बीपीच कमी आहे, मग ती आणखी चढवते. त्यांच्या डॉप्लर तपासणीची फी २,५००. साध्या पोटाच्या सोनोग्राफीचे १,२००, आणि ती दहा-बारा मिनिटांत होते. हिला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात साध्या किती होतील, हा गुणाकार मी बाहेर बाकावर बसून केला, मॅडमनी तो कधीच केला असणार.

९.०५
दिवा मालवला. पोटावर जेल. आधी महाधमनी: वेग सेकंदाला ७८ सेंटिमीटर. मग डाव्या किडनीची शीर शोधायची. ती महाधमनीवरून आडवी जाते, तिच्या मागेच धमनीचं तोंड सापडतं. सापडायला हवं. काकांच्या आतड्यात वारा आहे, पडदा नुसता पांढरा. मॅडम प्रोब दाबून धरतात, वारा बाजूला सरकायची वाट बघतात.

"काका, श्वास घ्या. थांबवा. सोडा."

पुन्हा. "उजव्या कुशीवर व्हा." पुन्हा. ताई पाठीमागे उशी लावते, जेल वाढवते, टिश्यू तोडून देते. रक्ताचा प्रवाह आणि प्रोबची लाट यांच्यातला कोन ६० अंशांच्या आत ठेवावा लागतो, नाहीतर वेगाचा आकडा खोटा येतो. काका श्वास सोडतात आणि धमनी निसटते. मॅडमचं मनगट वाकडंच आहे. संध्याकाळी त्या मनगटाला पट्टा बांधतात, हे ताईने आधीच सांगितलं होतं.

उजवी: ९२. ठीक.

डावी, अगदी तोंडाशी: ३१०. आवाजही बदलतो, चिरका होतो. मॅडम तीनदा मोजतात. १८०-२०० च्या वर गेलं की संशय, आणि महाधमनीच्या साडेतीन पटीवर गेलं तर संशय पक्का. इथे जवळजवळ चौपट. डावी किडनी ८.४ सेंटिमीटर, उजवी १०.६. किडनीच्या आतली लाटही उशिरा चढते, ९५ मिलिसेकंद. ७० च्या आत हवी होती.

९.५५
काका शर्टाची बटणं लावतात. काकींना मॅडम सांगतात, "पाण्याच्या नळीवर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं ना? तसं रक्त उडतंय तिथं."
"मंग बोट काढायचा?"
"ते किडनीचे डॉक्टर ठरवतील."
स्टेंट घालायचाच असं नाही. २०१४ मध्ये छापून आलेल्या ९४७ रुग्णांच्या कोरल चाचणीत अशा कडक झालेल्या धमन्यांना स्टेंट घालून नुसत्या औषधांपेक्षा जास्त फायदा दिसला नव्हता. सीटी अँजिओ करायची तर डाय द्यावा लागेल, आणि १.९ क्रिएटिनीनला तोही जपूनच. चौथी गोळी चालू ठेवायची का, हे आजच विचारा, असं मॅडम चिठ्ठीवर लिहितात आणि फिजिशियनना स्वतः फोन लावतात.

खाली टपरीवर काका दोन वडापाव मागवतात. काकी एक परत करतात. मीठ.

दुपारी १.३०
पोटं, गाठी, मुतखडे. ताई उभ्यानेच डबा खाते.

४.१५
गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्याखाली भरायचे गरोदर बायकांचे एफ फॉर्म. एकही रकाना रिकामा चालत नाही. महिन्याचा अहवाल ५ तारखेच्या आत जायला हवा. फोन येतो: म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, मशिन घरी आणाल का? नाही. ज्या जागेची नोंद आहे तिथून ते हलवता येत नाही. म्हातारीला इथे आणायचं, तर रुग्णवाहिकेचं भाडं घरच्यांनीच भरायचं.

६.३०
प्रोब पुसून झाले. ताई उद्याच्या पहिल्या डॉप्लरला फोन लावते. "रात्री जेवण हलकं, आठच्या आत. सकाळी उपाशी या. पण बीपीची गोळी घ्यायची. हो, घ्यायचीच. घोटभर पाण्याबरोबर."