पाय आणि परिसर



रोज चालत जा, हा उपदेश आज प्रत्येक वैद्य करतो. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. झपझप चालणें हा त्यांतील बिनखर्चाचा प्रकार होय. तरीहि पुष्कळ माणसें चालत नाहींत, आणि त्यांस आळशी ठरवून आपण मोकळे होतों. परंतु मनोनिग्रहाइतकाच घराबाहेरचा रस्ताहि आपलें चालणें ठरवीत असतो.

मुंबईंतील दादरचें शिवाजी पार्क पाहा. १९२५ सालीं खुल्या झालेल्या या मैदानाभोंवतींचा कट्टा एक किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे. थकल्यास टेकावयास जागा, डोक्यावर झाडांची सावली, पहाटेपासून माणसांची सोबत, आणि बाजार व वाचनालय पायांच्या टप्प्यांत! अशा ठिकाणीं चालण्याचें व्रत घ्यावें लागत नाहीं. तें सहज घडतें.

याउलट शहराच्या कडेची एखादी नवी वसाहत घ्या. घरें प्रशस्त, पण बाहेर लांबच लांब भिंत, समोर भरधाव वाहनें, आणि पदपथ प्रत्येक फाटकाशीं तुटलेला. दूध आणावयासहि दुचाकी काढावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमांत पदपथास किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, व त्याची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी असें म्हटलें आहे. उंच पायरीपाशीं दुखरा गुडघा माघार घेतो, हें मजसारख्या साठी उलटलेल्यास निराळें सांगावयास नको.

रहदारीचा परिणाम शेजारधर्मावरहि होतो. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनीं सॅन फ्रान्सिस्कोंतील तीन रस्त्यांची पाहणी १९७२ सालीं प्रसिद्ध केली. कमी वाहनांच्या रस्त्यावरील रहिवाशांस त्याच रस्त्यावर जितके मित्र होते, त्यांच्या एकतृतीयांशहि गजबजलेल्या रस्त्यावरील लोकांस नव्हते. जेथें पाऊल थांबत नाहीं, तेथें ओळख कशी व्हावी?

आणि प्रश्न प्राणांचाहि आहे. २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवरील अपघातांत ३२,८२५ पादचारी मृत्यु पावले. नातवास एकट्यानें शाळेंत धाडावयास आईबाप धजत नाहींत, तो भित्रेपणा नव्हे.

म्हणून आजच सायंकाळीं आपल्या दारापासून पांचशें पावलें चालून पाहा. पदपथ कोठें तुटतो, सावली कोठें संपते, रस्ता ओलांडतांना छाती कोठें धडधडते, तें टिपून ठेवा आणि शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन महापालिकेच्या प्रभाग कार्यालयांत द्या. आरोग्याचा उपदेश घरांत पुष्कळ झाला. आतां तो रस्त्यालाहि करावयास हवा.