किनाकाइन कुठे सापडेल?

मनिलातल्या एखाद्या इमारतीत लिफ्टचं दार उघडतं. बाहेरचा माणूस आत डोकावून विचारतो, "बाबाबा बा?" आतून उत्तर येतं, "बाबाबा." विचारणारा आत शिरतो, दार बंद होतं.

फिलिपिनो माणसं परक्या पाहुण्याला हा संवाद मोठ्या हौसेने ऐकवतात. तागालोगमध्ये 'बाबा' म्हणजे खाली जाणं. पहिलं अक्षर दोनदा म्हटलं की भविष्यकाळ झाला: बाबाबा, खाली जाणार. शेवटचा सुटा 'बा' आपल्या 'का'चं काम करतो. एक व्यंजन, एक स्वर आणि एवढ्यात अख्खी चौकशी पुरी!

आता हा ऐकलेला 'बाबाबा' हातातल्या इलेक्ट्रॉनिक कोशात शोधून बघा. कोश 'शब्द सापडला नाही' म्हणतो की मुकाट्याने 'बाबा'पाशी नेतो, यावर तो घ्यायचा की नाही हे ठरवावं. पडदा, रंग, आवाज हे सगळं त्यानंतर.

कारण ही भाषा शब्द घडवते तीच मुळी थक्क करणाऱ्या पद्धतीने. मराठीत आपण बहुतेक जोड शब्दाच्या शेपटाला लावतो: घर, घरात, घरातला. तागालोग जोड पुढे लावते, मागे लावते आणि चक्क शब्दाच्या पोटातही घालते. 'काइन' हे खाण्याचं मूळ. पहिल्या व्यंजनानंतर 'उम' घातला की 'कुमाइन', म्हणजे खाल्लं. 'कुमाकाइन' म्हणजे खात आहे, 'काकाइन' म्हणजे खाणार. इथवर वाक्याचा रोख खाणाऱ्याकडे असतो. 'उम'च्या जागी 'इन' आला की रोख खाल्लेल्या वस्तूकडे वळतो: 'किनाइन', 'किनाकाइन'. पुढे 'पागकाइन' म्हणजे अन्न आणि 'काइनान' म्हणजे खाण्याची जागा. रस्त्यावर, बसमध्ये, वर्गात कानावर पडतात ती अशी रूपं. छापील कोशात मात्र बहुतेक सगळी 'काइन'खाली नांदतात. ज्याला मूळ ठाऊक नाही त्याला पान सापडत नाही, आणि मूळ ठाऊक असतं तर कोश उघडलाच कशाला असता?

हा पेच जुना आहे. तागालोगचा पहिला छापील कोश १६१३ साली लागुना प्रांतातल्या पिला गावी निघाला. फ्रान्सिस्कन मिशनरी पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा यांनी तो रचला आणि छपाईत तोमास पिनपिन हा तागालोग मुद्रक होता. विसाव्या शतकात लिओ जेम्स इंग्लिश या ऑस्ट्रेलियन धर्मगुरूंनी केलेला जाडजूड तागालोग-इंग्रजी कोश १९८६ साली आला. अभ्यासकांच्या टेबलावर तो आजही असतो, पण पाठीवरच्या पिशवीत घालून बेटं हिंडावीत असा तो नव्हे. जपानच्या शार्प कंपनीने १९७९ साली आयक्यू-३००० हा हातात मावणारा इलेक्ट्रॉनिक कोश बाजारात आणला. त्या जातीच्या यंत्रात पुढे तागालोगही आली.

चांगलं यंत्र 'किनाकाइन'चं काय करतं ते पाहण्यासारखं आहे. शब्द जसाच्या तसा यादीत नाही. मग ते पहिल्या व्यंजनानंतरचा 'इन' काढून बघतं: 'काकाइन' उरतं. सुरुवातीला एकच अक्षर दोनदा आलंय, त्यातलं एक काढतं: 'काइन'. हा यादीत आहे, सापडला. पण हाच नियम आंधळेपणाने 'पिन्तो'ला, म्हणजे दाराला लावला तर 'प्तो' असं काहीतरी उरेल. म्हणून प्रत्येक पायरीवर यादीशी ताळा पाहावा लागतो. आणि कधी हा नियम अनपेक्षित दार उघडून देतो. 'तिनापाय' म्हणजे पाव. त्यातला 'इन' काढा, 'तापाय' उरतं: पीठ मळून आंबवणं. रोजच्या न्याहारीच्या पावात त्याची कृती दडलेली आहे!

आडवळणंही आहेत. 'दातिंग' म्हणजे येऊन पोचणं, पण 'पोचणार' म्हणताना दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'द'चा 'र' होतो: 'दारातिंग'. 'बिली'पासून 'बिल्हिन', 'कुहा'पासून 'कुनिन'. दुकानात उभ्याउभ्या ही दोन-तीन रूपं टाइप करून बघा. जाहिरातीतल्या लाखांच्या आकड्यापेक्षा ही परीक्षा खरी. तो आकडा मुळांचा की रूपांचा, हेही विचारा. एका मुळाची रूपं वेगवेगळी मोजली की आकडा भराभर फुगतो.

दुसरी परीक्षा जोराची. 'बाबा' असे लिहिले जाणारे एक नाही, तीन शब्द आहेत. जोर शेवटच्या अक्षरावर देऊन घशात श्वास झटकन अडवला, तर खाली जाणं. जोर पहिल्या अक्षरावर आणि शेवटी तसाच अडवलेला श्वास, तर हनुवटी. जोर शेवटी, पण श्वास मोकळा, तर पाठुंगळीला घेणं. यांना वेगळं दाखवायला पाकुप्या, पाइवा आणि पाहिलिस अशी तीन चिन्हं आहेत, तीन शब्दांना तीन. वर्तमानपत्रात, पाट्यांवर, मेसेजमध्ये मात्र ती कुणी सहसा लिहीत नाही. म्हणून कोशाने ती दाखवलीच पाहिजेत, आणि टाइप करताना मागता कामा नयेत. उच्चार ऐकवणारं यंत्र असेल तर हे तिन्ही 'बाबा' ओळीने ऐका. तिन्ही सारखेच ऐकू आले तर त्या आवाजाचे जादा पैसे देऊ नका.

अनेकवचनाचा शब्द एम-जी-ए अशा तीन रोमन अक्षरांत लिहितात आणि 'मङा' असा उच्चारतात. कानाने ऐकून टाइप करणाऱ्याला यंत्राने तिथवर पोचवायला हवं. (हा 'ङ' आपण शाळेत घोकतो आणि मग क्वचितच लिहितो. तिथे त्याने शब्द सुरू होतात: 'ङायोन' म्हणजे आत्ता, 'ङिती' म्हणजे स्मित.)

प्रवाशाने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. वाक्यांच्या विभागात आदराचा 'पो' हवा; जीपनी, म्हणजे तिथली जीपवजा बस, थांबवताना 'पारा पो' म्हणतात, नुसतं 'पारा' उर्मट वाटू शकतं. आणि वीस-पन्नासाचे स्पॅनिश वळणाचे आकडे, 'बेन्ते', 'सिंग्क्वेन्ता', हवेतच, कारण भाव बरेचदा त्यांत सांगतात. तिथल्या प्लगला बहुतेक चपट्या पिना असतात, आपला गोल पिनांचा चार्जर बसेलच असं नाही. साध्या पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र दूरच्या बेटावर सोयीचं. नेटवर्कविना चालणं हा तर या यंत्रांचा मोठाच गुण.

डब्यावर 'फिलिपिनो' लिहिलं असेल तर बिचकू नका. ही राष्ट्रभाषा तागालोगवरच उभी आहे. पण ती देशातली एकमेव भाषा नाही. महाराष्ट्रातली मुलं डॉक्टर व्हायला दावाओला जातात. तिथे शिकवणं इंग्रजीत, पण गावात बहुतेक बिसाया, म्हणजेच सेबुआनो, बोलतात. तागालोगमधला 'आसा' म्हणजे आपली संस्कृतातली आशाच. बिसायात 'आसा' म्हणजे 'कुठे'. दुखणं कुठे आहे याबद्दल रुग्णाशी बोलताना तागालोगचा कोश 'आशा' दाखवत बसेल. तेव्हा दावाओ किंवा सेबूला जाणाऱ्याने आधी बिसायाचा कोश आहे का ते पाहावं, तागालोगचा नंतर.