मेंढ्या गेल्या आणि डोंगर फुलला

न्यूझीलंडच्या दक्षिणेला सुमारे ७०० किलोमीटरवर कॅम्पबेल बेट आहे. वर्षातले तीनशेहून अधिक दिवस पाऊस, वारा तर रोजचाच. अशा जागी झाडोरा खुजा, फुलं बारीक आणि फिकी असणार, असं वाटतं. डिसेंबरात पर्सिव्हरन्स खाडीपासून कोल लायलच्या खिंडीकडे चढू लागलं, की हा समज टिकत नाही.

प्लुरोफायलम ही शेवंतीच्या कुळातली वनस्पती. तिची पानं सुपाएवढी, खोल शिरांची, लवदार, फुलं जांभळी. शेजारी गाजराच्या कुळातली ॲनिसोटोम गुलाबी-जांभळे गुच्छ उंचावून उभी, आणि उतारभर बुल्बिनेलाचा पिवळा रंग. ढग क्षणभर फाटले तरी ही मोठी पानं मिळेल तेवढं ऊन शोषून घेतात. लव आणि शिरांमधल्या खाचा उबदार हवा धरून ठेवतात, त्यामुळे पानं भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहतात.

खिंडीजवळ गवतात रॉयल अल्बट्रॉस अंड्यावर बसलेला असतो. पंखांचा पसारा तीन मीटरहून जास्त. एकच अंडं, सुमारे ७९ दिवस उबवायचं, मग पिल्लू उडेपर्यंत आणखी आठेक महिने. म्हणून जोडी दोन वर्षांतून एकदाच वीण करते. दुपार कलली की तरुण पक्षी घोळक्याने जमतात, पंख पसरून, चोच आभाळाकडे करून जोडीदार निवडतात. हे तासन् तास पाहत बसावं.

हा बहर मात्र हातचा गेला होता. इथे चरणारा प्राणी कधी नव्हताच, त्यामुळे या पानांना मेंढीपासून बचाव ठाऊक नव्हता. १८९५ मध्ये मेंढ्या आल्या आणि बुल्बिनेला सोडून बहुतेक सगळं फस्त झालं. ती त्यांना आवडत नसे. १९३१ मध्ये माणसं गेली, मेंढ्या उरल्या. १९७० मध्ये बेटावर आडवं कुंपण घालून उत्तरेकडच्या मेंढ्या हटवल्या, आणि कुंपणाच्या एका बाजूला मोठ्या पानांनी पुन्हा उभारी धरली. माझ्या मते पर्यावरणशास्त्रातला इतका स्पष्ट पुरावा क्वचितच सापडतो. पुढे उरलेल्या मेंढ्याही काढल्या.

उंदीर राहिले होते. २००१ मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून तेही संपवले. उडता न येणारं कॅम्पबेलचं बदक शेजारच्या डेंट बेटावर कसंबसं तगलं होतं; २००४ मध्ये ते मूळ घरी सोडण्यात आलं. जाकमार या छोट्या बेटावर १९९७ मध्ये सापडलेला पाणलावा मात्र कुणी आणला नाही. उंदीर गेल्यावर तो आपणहून उडत आला आणि मोठ्या बेटावर घरटी करू लागला.